चमचा लावून विचारा

रायगड जिल्ह्याच्या वैद्यकीय इतिहासात डॉक्टरांचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल, असं त्यांच्या सत्काराच्या वेळी अध्यक्ष म्हणाले. असा इतिहास अजून कुणी लिहायला घेतलेला नाही. सोनेरी अक्षरं मात्र एकदा खरोखर वापरली गेली होती. दवाखान्याची पाटी हमरापूरच्या एका मूर्तिकारानं गणपतीच्या मुकुटाचा उरलेला रंग वापरून रंगवून दिली होती. तो रंग घरात बसणाऱ्या देवासाठी होता, भिंतीवरच्या पाटीसाठी नव्हे. दोन पावसाळ्यांत डॉक्टरांचं नाव वाहून गेलं आणि काळ्या रंगातलं 'एम.बी.बी.एस.' तेवढं राहिलं. त्यांनी नाव पुन्हा लिहून घेतलं नाही.

"नाव सगळ्यांना माहीत आहे," ते म्हणाले. "शंका असते ती डिग्रीबद्दल."

माझी रक्त-लघवी तपासायची लॅब पेणमध्ये त्यांच्या दवाखान्याला लागून होती. मधे प्लायवूडची भिंत. सोमवारी आणि गुरुवारी दुपारी ते रोह्याला एसटी स्टँडजवळच्या एका भाड्याच्या खोलीत पेशंट बघत. शनिवारी दोन्हीकडे बंद. डॉक्टर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आणि इथली जुनी माणसं त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, ते याच सुट्टीमुळे. त्यांचे बहुतेक नातलग इस्राएलला जाऊन स्थायिक झाले होते. तुम्ही का गेला नाहीत, असं विचारलं की ते म्हणत, "तिथं प्रत्येक घरात एक डॉक्टर आहे. माझं कोण ऐकणार?"

पेणमध्ये ऐकण्यावाचून इलाज नसे. डॉक्टर नमस्कार करत नसत. समोर आलेल्या माणसाच्या जबड्याखाली दोन्ही हातांची बोटं घालून ते गाठी चाचपत आणि मग "बसा" म्हणत. दवाखान्यात हे ठीक होतं. पण ते बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवातही तेच करत. मासळी बाजारात एक कोळीण त्यांना लांबूनच ओरडून सांगायची, "डॉक्टर, मासली चाचपा, माझी मान नको."

या सगळ्याची सुरुवात एका डुलकीपासून झाली. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत पुण्याला डॉक्टरांसाठी एड्सवर दिवसभराचं व्याख्यानसत्र होतं. आमच्याकडचे बरेच जण गेले, कारण जेवण चांगलं असतं. जेवणानंतर सगळे निघाले. आमचे डॉक्टर निघाले नाहीत, कारण ते झोपले होते. जाग आली तेव्हा पडद्यावर एका माणसाची छाती होती आणि तिच्यावर फिकट गुलाबी पुरळ. व्याख्यान देणाऱ्या मॅडम सांगत होत्या की एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांत पुष्कळांना ताप येतो, घसा धरतो, तोंडात फोड येतात, मानेत गाठी येतात, अंगावर पुरळ येतं. सगळं काही दिवसांत आपोआप जातं. डॉक्टर म्हणतो फ्लू होता, पेशंट म्हणतो बरा झालो, आणि मग पुढं वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. त्यांच्या केंद्रात अशा अगदी सुरुवातीच्या पेशंटांचा अभ्यास चालू होता, पण पेशंट कुणी पाठवत नव्हतं. पाठवा, असं त्यांनी रिकाम्या खुर्च्यांना कळकळीनं सांगितलं. एकच खुर्ची भरलेली होती. त्याची फळं त्यांना पुढं भोगावी लागली.

पेणला परतल्यावर डॉक्टरांनी तापाच्या प्रत्येक पेशंटला एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. "गेल्या दोन महिन्यांत नवीन माणसाशी संबंध आला का?" प्रत्येक म्हणजे प्रत्येक. ट्रकवाले, गुरुजी, कीर्तनकार, नवी सून, जुनी सासू. त्यांचं म्हणणं असं की ठरावीक लोकांनाच विचारलं तर ज्याला विचारलं तो बदनाम होतो, आणि सगळ्यांनाच विचारलं तर कुणीच होत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा मारामारीची वेळ आली. मग गाव सरावलं. आंबाडीची भाजी विकणाऱ्या एका आजींनी त्यांना शांतपणे सांगितलं होतं, "नवीन कुठं येतोय आता, जुना पन नाय राह्यला." मला मलेरिया झाला तेव्हा मलाही विचारलं, माझ्या सासूबाईंच्या देखत. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिला वेळ कुठाय?"

अर्थात घरच्यांसमोर सगळे 'नाही' म्हणणार, हे कळण्याइतके ते शहाणे होते. खरा प्रश्न नंतर यायचा. "घसा बघायचाय, बाहेर बसा. गर्दी असली की घसा उघडत नाही," असं सांगून ते नातेवाइकांना बाहेर काढत आणि उकळून ठेवलेल्या चमच्याच्या दांडीनं पेशंटची जीभ दाबून तोच प्रश्न हळू आवाजात परत विचारत. असेल तर लांब 'आ', नसेल तर आखूड. बाहेरच्यांना नुसताच 'आ' ऐकू यायचा, आणि तो तर घसा बघताना येतोच. ही भाषा डॉक्टरांना, पेशंटला आणि प्लायवूडच्या कृपेनं मला ठाऊक होती. गावाला एवढंच ठाऊक होतं की चमच्यापुढं खोटं बोलता येत नाही.

दुसरी अडचण पुरळाची. पेणच्या आसपास गणपतीच्या हंगामात माणसाच्या कातडीवर विश्वास ठेवता येत नाही. हमरापूर, जोहे, सगळीकडे घराघरांत मूर्ती रंगवतात, आणि देवाच्या अंगाला द्यायचा गुलाबी रंग फवाऱ्यानं उडून माणसांच्या अंगावर बसतो. डॉक्टरांनी पाठवलेला पहिला पेशंट पुण्याच्या केंद्रात आंघोळ केल्यावर बरा झाला. तेव्हापासून टेबलावर स्टेथोस्कोपशेजारी घासलेटची बाटली आली. आधी बोळा फिरवायचा, मग निदान. "पुसला गेला तो रंग," ते म्हणत, "राहिला तो रोग."

रोग राहायचा, पण हवा तो नसायचा. रोह्याच्या कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या एकाला कसल्याशा पावडरीची ॲलर्जी निघाली. एका मास्तरांना या वयात गोवर निघाला. एक भटजी नव्या साबणानं लाल झाले होते. डॉक्टरांनी त्यांना समजावून, त्यांची संमती घेऊन पुण्याला धाडलं, आणि ते तिकडून तुळशीबागेतली खरेदी करून परत आले. मॅडमचा फोन समोरच्या एसटीडी बूथवर यायचा. सुरुवातीला त्या आभार मानायच्या. पुढं पुढं "डॉक्टर, घासलेट लावलंत ना?" एवढंच विचारायच्या. इतर डॉक्टर त्यांना 'पुणे एक्स्प्रेस' म्हणू लागले. मीही हसत होते.

मग एका श्रावणाच्या अखेरीला टेम्पोवाला आला. त्याचं नाव मी सांगणार नाही. हमरापूरकडचा, घरचा मूर्तींचा कारखाना, आई डोळ्यांची आखणी करायची आणि हा मूर्ती टेम्पोत घालून मुंबई, ठाणे, सुरतेपर्यंत पोचवायचा. कोलाडजवळच्या एका मुलीशी त्याचा साखरपुडा झाला होता. तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा, असं बोलणं होतं.

"चार दिस ताप हाय," त्याची आई सांगत होती. "घसा धरलाय. भात जात नाय."

"आणि हे छातीवर?"

"रंग हाय तो. कारखान्यात झोपतो ना, मूर्तींमधी."

डॉक्टरांनी घासलेटचा बोळा फिरवला. खांद्यावरचा पट्टा गेला. छातीवरचे ठिपके राहिले. त्यांनी पुन्हा फिरवला.

"नवीन माणसाशी संबंध आला का?"

"नाय," तो म्हणाला.

"नाय," आई म्हणाली.

"तुम्हाला नाही विचारलं."

"मंग मला पन इचारा. सगल्यांना इचारता."

डॉक्टरांनी तिलाही विचारलं. समाधान झाल्यावर ती बाहेर जाऊन बसली. मी भिंतीच्या अलीकडे काचपट्ट्या धुत होते. चमचा वाजला, प्रश्न झाला, आणि 'आ' सुरू झाला. तो बराच वेळ थांबला नाही. मग डॉक्टरांचा आवाज आला, "बाई, सुई घेऊन या."

त्याला सगळं सांगून, हो म्हणवून मी रक्त घेतलं. चाचणी निगेटिव्ह आली. दुसऱ्या दिवशी तो एकटा रिपोर्ट न्यायला आला, तेव्हा ताप उतरला होता आणि चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद होता.

"नाय ना? मंग झाला तर."

"रिपोर्ट बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "फक्त तो दोन महिन्यांपूर्वीचा आहे."

"काल काढलान ना रक्त?"

"हे बघ. तुझा गणपती कारखान्यातून निघाला, टेम्पोत बसला, आणि वडखळ नाक्यावर ट्रॅफिकमध्ये अडकला. बाई मंडपात जाऊन बघतात आणि लिहून देतात, गणपती नाही. खोटं आहे का? नाही. पण म्हणून गणपती निघालाच नाही असं होतं का?"

मी नंतर त्याला हेच शास्त्राच्या भाषेत सांगितलं. विषाणू रक्तात आधी येतो. शरीर त्याच्याविरुद्ध जे तयार करतं ते मागाहून येतं, आणि आमची चाचणी ते मागाहून येणारंच शोधते. पुण्याच्या केंद्रात विषाणूच शोधायची सोय होती, पण ती याच काही दिवसांत, नाहीतर तीन महिने थांबून पुन्हा इथली चाचणी. तीन महिन्यांत त्याचं लग्न झालं असतं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजे वडखळलाच अडकलाय."

तो पुण्याला जायला तयार होता. अडचण आई. ऐन हंगामात टेम्पो रिकामा पुण्याला कशाला, असं ती विचारणार. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी हमरापूरला जाऊन तिच्याकडे अडीच फुटी गणपतीची ऑर्डर दिली. पोचवायचा पत्ता पुण्याचा.

"तुमी कवापासून गनपती बसवाय लागलाव?" तिनं विचारलं.

"मी नाही. पुण्याचे आहेत एक."

"एका गनपतीसाठी आख्खा टेम्पो?"

"त्यांना दुसऱ्या मूर्तींसोबत आणलेला चालत नाही."

"पुन्याचे लोक," ती म्हणाली, "असतील."

दोन दिवसांनी आम्ही निघालो. रक्ताच्या नळ्या आणि कागदपत्रं कळतात म्हणून मला घेतलं होतं. पुढं तो, मधे मी, कडेला डॉक्टर; मागं गवताच्या पेंढ्यात गणपती. खोपोलीहून बोरघाट चढताना डॉक्टर खिडकीतून मागं वळून मूर्ती ठीक आहे ना बघत होते. त्यांच्या धर्मात मूर्ती नाही. पण ऑर्डर त्यांच्या नावावर होती.

केंद्राच्या दारात मॅडम आल्या. त्यांनी टेम्पोत पाहिलं.

"हा पेशंट," डॉक्टर म्हणाले.

"आणि हे?"

"हे सोबत आलेत."

मॅडम म्हणाल्या की ही संशोधन संस्था आहे, इथं असलं काही चालणार नाही, मूर्ती परत न्या. पण गेटवरच्या वॉचमननं तोवर टोपी सारखी करून गणपतीवर पाणी ओवाळून टाकलं होतं. दारात आलेला गणपती परत पाठवत नाहीत, असं त्यानं नम्रपणे सांगितलं. टायपिस्ट बाईंनी कुंकू कुठूनतरी पैदा केलं. मॅडमनी चतुर्थीला दीड दिवस बसवायला परवानगी दिली आणि विचारलं, "पुढच्या वर्षी प्रश्न नाही ना?"

"आनला की दर वर्षी आनायचा असतो, मॅडम," वॉचमन म्हणाला.

आत त्या टेम्पोवाल्याशी बराच वेळ बोलल्या. अभ्यास म्हणजे काय, रक्त किती वेळा देणार, नको वाटलं तर केव्हाही सोडता येईल, कुणाला काही कळणार नाही.

"यात तुमाला काय भेटनार?" त्यानं विचारलं.

"शिकायला मिळेल. इतक्या लवकर कुणी आमच्याकडे येतच नाही."

"आनि मला?"

"औषध तुम्हाला आज देऊ शकत नाही, खोटं सांगणार नाही. नवीन येईल तेव्हा तुम्ही आमच्या नजरेसमोर असाल. आणि तुम्हाला आत्ता कळेल. बाकीच्यांना वर्षांनी कळतं. तोवर घरात आणखी कुणाला झालेला असतो."

त्यानं शर्टाची बाही वर सरकवली. मग म्हणाला, "काढा रक्त."

आठवड्याभरानं बूथवर फोन आला. मॅडमनी या वेळी घासलेटचं विचारलं नाही. डॉक्टरांचं निदान पहिल्यांदा बरोबर आलं होतं, आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही. त्या दिवशी त्यांनी कुणाचीच मान चाचपली नाही. लोक म्हणाले, डॉक्टरांना बरं नाही वाटतं.

टेम्पोवाला आला तेव्हा लग्नाचंच बोलला. "लगीन मी मोडतो. त्या पोरीला कशाला? पन आयेला काय सांगू? आनि तिच्या बापाला? काय पन सांगितला तरी चार गावांत इचारतील, का मोडला."

डॉक्टरांनी चमचे उकळायला ठेवले. "तारीख धरायला कधी जायचंय?"

"दसऱ्यानंतर."

"मला ने."

आईला फार आनंद झाला. आमच्याकडून डॉक्टर येनार, असं तिनं सगळीकडे सांगितलं. मी बाईमाणूस सोबत असलेली बरी म्हणून गेले. कोलाडजवळ हायवेला लागून मुलीच्या वडिलांचं घर होतं. भाताची आणि वालाची शेती, रस्त्यावर हॉटेल, आणि पूर्वी एकदा सरपंच होते, ते अजून उतरलं नव्हतं. पोहे आले. वडिलांनी खाकरून सुरुवात केली. त्यांचं घराणं, घराण्याची रीत, घराण्याला पंचक्रोशीत असलेला मान, आजोबांनी गावाला दिलेली विहीर. ते विहिरीच्या खोलीपर्यंत आले असताना डॉक्टर उठले, त्यांच्यासमोर गेले आणि त्यांच्या जबड्याखाली बोटं घातली.

"गाठ आहे बारीकशी. इतक्यात ताप येऊन गेला का?"

"आला होता गणपतीत. का?"

"गेल्या दोन महिन्यांत नवीन माणसाशी संबंध आला होता का?"

"कसला संबंध?"

"शरीरसंबंध."

खोलीत पोहे चावायचे थांबले. वडील म्हणाले, "हे काय बोलणं झालं? बायकामाणसांसमोर?"

"त्यांनाही विचारणार आहे," डॉक्टर म्हणाले.

"तसलं काही नाही आमच्याकडे. नाही म्हणतोय ना मी."

इथं अजून सावरता आलं असतं. डॉक्टर विक्षिप्त आहेत, असं आम्हांपैकी कुणीतरी म्हणालं असतं, सगळे हसले असते आणि तारीख ठरली असती. पण टेम्पोवाल्याच्या आईनं बशी खाली ठेवली आणि पेणच्या माणसाला जे अगदी साधं वाटतं ते ती समजुतीच्या स्वरात बोलली.

"असा नाय सांगत कोन. डॉक्टर, चमचा लावून इचारा. पोह्याचा हाय ना हातात."

डॉक्टरांनी चमच्याकडे पाहिलं आणि तो रुमालानं पुसायला घेतला. मुलीचे वडील उभे राहिले. चहा यायच्या आत लग्न मोडलं. आतल्या दाराआडून कुणीतरी हसल्याचा आवाज आला. ती मुलगीच असावी.

परतताना आई नागोठण्यापर्यंत बोलत होती. "मानसाच्या मनात काय नसेल तर चमच्याला घाबरायचा कशाला? बरा झाला, आधीच कलला." पुढं कित्येक वर्षं ती हेच सांगत असे, आणि लग्न का मोडलं याबद्दल चार गावांत दुसरं काही बोललं गेलं नाही. पेणमध्ये सगळ्यांचं मत मुलीच्या वडिलांविरुद्ध पडलं. कोलाडमध्ये डॉक्टरांविरुद्ध. टेम्पोवाल्याचा विषयच निघाला नाही. आपल्याबद्दलचं खरं त्यानं आईला खूप पुढं, केंद्रातून गोळ्या सुरू झाल्यावर सांगितलं. तेव्हा दोघं काय बोलले, ते मी विचारलं नाही.

वडखळला टेम्पो थांबवून त्यानं डॉक्टरांना उसाचा रस आणून दिला. ग्लास त्यानं दोन्ही हातांनी पुढं केला. डॉक्टर म्हणाले, "बर्फ नाही ना घातलास?"

आई खाली उतरल्यावर मी त्यांना विचारलं, "मुद्दाम केलंत ना?"

त्यांनी माझ्या जबड्याखाली बोटं घातली. "बाई, तुम्हाला इतक्यात ताप येऊन गेला का?"

त्या मुलीचं पुढच्या वर्षी रोह्याला लग्न झालं. तिला दोन मुलं झाली, आणि त्यांच्या गोवराच्या पुरळावर डॉक्टरांनी घासलेट फिरवलं.

डॉक्टर शेवटपर्यंत पेण सोडून कुठं गेले नाहीत. त्यांचा सत्कार झाला तो पंचवीस वर्षं दवाखाना चालवल्याबद्दल. अध्यक्षांच्या भाषणात पुण्याचा किंवा चमच्याचा उल्लेख नव्हता. हार घालून घेताना ते अध्यक्षांच्या मानेपर्यंत पोचले होते, पण अध्यक्ष पेणचेच असल्यामुळे त्यांनी माईकवरूनच "ताप नाही" असं सांगून टाकलं.

मागे एकदा पुण्याच्या केंद्रात गणपतीच्या दिवसांत जायचा योग आला. मॅडम केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. नवे संचालक पाहुण्यांना सांगत होते की विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम साधण्याच्या दूरदृष्टीनं संस्थेच्या धुरीणांनी ही परंपरा सुरू केली, आणि एका वर्षाचाही खंड न पडता ती चालू आहे.

मूर्ती हमरापूरची होती. टेम्पो तोच, चालवणारा तोच. क्लच तेवढा नवा टाकलेला.